पाण्याला वळण लावणारे विश्वेश्वरय्या

पहाटे नळाला पाणी आले की घरातली बाई उठते. हंडा, कळशी, पिंप, गच्चीवरची टाकी, जे असेल ते भरून घेते आणि मगच तिचा दिवस सुरू होतो. पाणी वेळेवर आले तर त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. एक दिवस आले नाही की साऱ्या इमारतीत दुसरा विषय नसतो.

या नळाच्या तोटीपासून आपण मागे मागे जाऊ लागलो, तर आधी जमिनीखालचे नळ लागतात, मग शुद्धीकरणाचे केंद्र, मग कालवा आणि अखेरीस डोंगराच्या कुशीतले धरण. पण प्रवास तेथेही संपत नाही. धरणाच्याही मागे कोणी तरी कागदावर आकडे मांडीत बसलेला असतो. पाऊस किती पडतो, नदी किती वाहते, पन्नास वर्षांनी गावात किती माणसे राहतील, याचा तो हिशेब करीत असतो. आपण त्याला पाहिलेले नसते आणि त्यानेही आपल्याला पाहिलेले नसते. तरी आपल्या घागरीची काळजी त्याने केलेली असते. अशा पुरुषांपैकी एकाचे चरित्र मंडळाच्या वर्धापनदिनाच्या निमित्ताने आपल्या भगिनींपुढे ठेवावे, असे मनात आले. त्यांचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. जन्माने ते म्हैसूरचे. परंतु त्यांची विद्या पुण्याची आणि त्यांच्या उमेदीची चोवीस वर्षे मुंबई इलाख्याच्या सेवेतली. म्हणून ते आपलेही आहेत.

बंगळूरच्या उत्तरेस चिक्कबळ्ळापूर आहे. त्याच्या जवळच्या मुद्देनहळ्ळी या खेड्यात सत्तावनच्या उठावानंतर तीन-चार वर्षांनी, १५ सप्टेंबर रोजी त्यांचा जन्म झाला. वडील श्रीनिवासशास्त्री हे संस्कृतचे जाणकार. घरात विद्या होती, पैसा नव्हता. वडिलांचे छत्र लवकर हरपले आणि सारा भार आई वेंकटलक्ष्मी यांच्यावर आला. मुलाने शिकलेच पाहिजे, या एका गोष्टीवर ती माउली ठाम राहिली. गावचे शिक्षण आटोपल्यावर मुलगा मामांच्या आधाराने बंगळूरला आला. एका कुटुंबातील मुलांना शिकवावे, त्या मोबदल्यात राहण्या-जेवण्याची सोय व्हावी आणि उरलेल्या वेळात आपला अभ्यास करावा, असा क्रम ठेवून त्यांनी सेंट्रल कॉलेजातून पदवी मिळविली. घरोघर वार लावून जेवणारे विद्यार्थी आपल्याकडेही पुष्कळ होऊन गेले. त्यामुळे हे चित्र आपल्याला अपरिचित नाही.

पुढे म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते स्थापत्यशास्त्र शिकण्यासाठी पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले. आज शिवाजीनगरला अभियांत्रिकी विद्यापीठ म्हणून जी संस्था उभी आहे, तीच ही. १८८३ साली मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेत ते सर्वांत पहिले आले आणि दुसऱ्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाले. पहिली नेमणूक नाशिकला. त्यानंतर खानदेशात धुळ्याच्या बाजूला पांझरा नदीवरील पाणी नळातून पलीकडे नेण्याचे काम त्यांनी पावसाळ्याच्या अडचणी सोसून पुरे केले. नदीची भाषा त्यांना तेथे कळू लागली, असे म्हटले तरी चालेल.

त्या वेळी सिंध प्रांत मुंबई इलाख्यातच मोडत असे. सक्कर गाव सिंधू नदीच्या अगदी काठावर. पण सिंधूचे पाणी म्हणजे पातळ चिखल. नदी दारात असूनही स्वच्छ पाण्याचा घोट दुर्मिळ. गाळण्याची मोठी टाकी बांधावी तर नगरपालिकेला तो खर्च झेपेना. १८९३ साली विश्वेश्वरय्यांना तेथे पाठविण्यात आले. त्यांनी नदीचाच उपयोग गाळणीसारखा करून घेतला. पात्रातल्या वाळूत विहीर खणली, म्हणजे पाणी वाळूच्या थरांतून झिरपत झिरपत विहिरीत उतरताना गाळ मागे टाकून येऊ लागले. ते पाणी यंत्राने उपसून टेकडीवरच्या टाकीत चढवावे आणि तेथून गावाला सोडावे, अशी ती योजना होती. उन्हाळ्यात नदी आटली म्हणजे आपल्या खेड्यांतल्या बायका वाळूत झिरा काढतात आणि वाटीवाटीने निवळ पाणी भरतात. तत्त्व तेच. बायकांना हातांनी ठाऊक असलेली गोष्ट त्यांनी एका शहराच्या उपयोगाला आणली. दोन वर्षांत सक्करला शुद्ध पाणी मिळू लागले.

यानंतरचा त्यांचा काळ मुख्यत्वे पुण्यात गेला. न्यायमूर्ती रानडे, नामदार गोखले यांच्यासारख्यांचा सहवास त्यांना येथे लाभला. देशाचा संसार सुधारावयाचा तर तो हिशेबाने आणि शिक्षणाने सुधारेल, ही त्या मंडळींची धारणा या तरुण अभियंत्याच्या मनात कायमची रुजली. १८९८ साली ते जपानला जाऊन आले. तिथले कारखाने त्यांनी पाहिलेच. पण मुलगे आणि मुली दोघेही शाळेत जातात, ही गोष्ट त्यांना अधिक महत्त्वाची वाटली. घरातली आई अडाणी ठेवून कोणताही देश पुढे जात नाही, हे त्यांनी तेथे पक्के ओळखले.

पुण्याजवळच्या नीरा कालव्यावर त्यांनी केलेले काम फारसे कोणी सांगत नाही. पण ते सांगण्यासारखे आहे. कालवा निघाला तेव्हा त्याच्या मुखाजवळच्या बागाईतदारांनी उसाचे मळे उठविले. ऊस म्हणजे पाण्याचा पिणारा. वरच्या गावांत पाण्याचा सुकाळ, इतका की जमिनी चिबडून गेल्या आणि हिवताप वाढला. खालच्या गावांच्या वाट्याला मात्र कोरडा कालवा. १८९९ च्या सुमारास विश्वेश्वरय्यांनी यावर फड पाडून पाणी देण्याची पद्धत बसविली. गावोगाव ठराविक क्षेत्राचे तुकडे पाडावयाचे, त्यांतल्या काही भागात ऊस, काही भागात कमी पाण्याची पिके घ्यावयाची, आणि पुढच्या वर्षी पाळी बदलावयाची. पाणी तेवढेच; पण ते अधिक गावांना पुरे आणि जमिनीही खराब होत नसत. आरंभी वरच्या बागाईतदारांनी याला विरोध केला. ज्याच्या दारावरून पाणी जाते, त्याला ते आपलेच वाटते. विश्वेश्वरय्यांनी आकडे मांडून, बैठका घेऊन लोकांची समजूत घातली. पुढे सरकारने नेमलेल्या सिंचन आयोगानेही या पद्धतीची वाखाणणी केली. चार लेकरांच्या घरात आई दुधाचा वाटा जसा करते, तसाच हा प्रकार. आधी हात पुढे करणाऱ्याला सगळे द्यावयाचे नसते.

आता खडकवासल्याकडे वळू. मुठा नदीवरचे हे दगडी धरण एकोणिसाव्या शतकातले. फाइफ या इंग्रज अभियंत्याच्या नावाने त्याच्या तलावाला लेक फाइफ म्हणत. पावसाळ्यात तलाव तुडुंब भरे आणि जास्तीचे पाणी सांडव्यावरून वाहून जाई. उन्हाळ्यात मात्र पाणी पुरेनासे होई. धरणाची उंची वाढवावी तर खर्च मोठा आणि जुन्या भिंतीवर जादा भार घालण्यात धोका. विश्वेश्वरय्यांनी वेगळा विचार केला. पुराच्या वेळी सांडव्याच्या माथ्यावरून सहा-आठ फूट जाडीचे पाणी वाहतच असते, म्हणजे तेवढी उंची धरण सोशीतच आहे. मग पूर ओसरत आल्यावर तेवढे पाणी तेथेच अडवून का धरू नये? त्यांनी सांडव्यावर लोखंडी दारे बसविण्याची योजना केली. दारे म्हटली की ती उघडावयास माणूस हवा. आणि पूर तर मध्यरात्री, काळोखात, मुसळधार पावसात येतो. माणूस झोपला, घाबरला किंवा उशिरा पोहोचला तर अनर्थ. म्हणून त्यांनी दारांना वजनांचा तोल असा जोडला, की पाणी ठरलेल्या रेषेपर्यंत चढले म्हणजे त्या पाण्याच्याच जोराने तोल फिरावा आणि दार आपोआप उघडावे. पूर ओसरला की दार पुन्हा आपोआप मिटावे. १९०३ साली ही दारे खडकवासल्याला बसली आणि धरणाचा दगडही न हलविता तलावात सुमारे आठ फूट अधिक पाणी राहू लागले. या युक्तीचा हक्क त्यांच्या नावे नोंदविला गेला. पण सरकारी पगार घेत असताना सुचलेल्या कल्पनेचा मोबदला घेणे त्यांना रुचले नाही. पुढे ग्वाल्हेरकडे तिग्रा येथे आणि म्हैसूरला कृष्णराजसागरावरही हीच रचना वापरली गेली.

या दारांकडे आजच्या दृष्टीने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. पाण्याची पातळी ओळखणे, ती धोक्याच्या रेषेला भिडली का हे ठरविणे आणि त्याप्रमाणे कृती करणे, ही तिन्ही कामे विजेची तार किंवा यंत्रगणक नसताना ती दारे करीत होती. आज कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत पाऊस व नद्यांची पातळी मोजणारी स्वयंचलित केंद्रे आहेत. त्यांनी मोजलेले आकडे क्षणार्धात संगणकावर उमटतात, आणि धरणातून किती पाणी सोडले याचा निरोप आपल्या हातातल्या मोबाइलवर येतो. साधने बदलली. आधी जाणून घ्यावे आणि मग हात हलवावा, ही रीत मात्र तीच.

१९०६ साली एडनच्या पाण्याची आणि सांडपाण्याची योजना आखण्यासाठी त्यांना पाठविण्यात आले. कामाचा लौकिक सर्वत्र पसरला होता; पण खात्यातली अगदी वरची जागा त्या काळी हिंदी माणसाच्या वाट्याला येणे कठीण होते. १९०८ साली त्यांनी आपण होऊन निवृत्ती घेतली आणि ते परदेश पाहावयास निघाले. ते प्रवासात असतानाच हैदराबादेत आकाश फाटले.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेला पूर आजही हैदराबादकर विसरलेले नाहीत. हजारो माणसे वाहून गेली, हजारो घरे बसली. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. १९०९ साली ते तेथे दाखल झाले. पूर शहरात आला. पण ते शोध घेण्यासाठी गेले शहराच्या वर, नदीच्या उगमाकडे. गावोगावच्या पावसाच्या नोंदी गोळा केल्या, जुन्या पुरांच्या खुणा मोजल्या, आणि वरच्या अंगाचे दोनशेहून अधिक तलाव एकामागून एक फुटल्याने पाण्याचा लोंढा कसा वाढत गेला, हे कागदावर मांडले. नदीला शहरात भिंती घालून भागणार नाही, तिला शहराबाहेरच थोपवून धरले पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यानुसार मुसीवर उस्मानसागर आणि तिच्या ईसी या उपनदीवर हिमायतसागर असे दोन तलाव झाले. पहिला १९२० मध्ये पूर्ण झाला, दुसरा १९२७ मध्ये. पुराला अडविणाऱ्या त्याच तलावांनी पुढे शहराची तहान भागविली.

१९०९ च्या अखेरीस म्हैसूरच्या महाराजांनी त्यांना मुख्य अभियंता म्हणून बोलावून घेतले. त्या वेळी हाती घेतलेले कावेरीवरील कन्नंबाडीचे धरण म्हणजेच आजचे कृष्णराजसागर. त्यांचे सर्वांत मोठे काम हेच. १९११ साली काम सुरू झाले आणि पुरे व्हावयास दोन दशके लागली. सिमेंट न वापरता चुना आणि विटांची भुकटी यांच्या सुरकीत दगड बसविले गेले. पाया खणताना टिपू सुलतानाच्या काळचा एक शिलालेख सापडला. याच जागी धरण बांधण्याचा संकल्प त्यात होता. शंभराहून अधिक वर्षे ती इच्छा मातीत पडून राहिली होती.

धरणाला मद्रास सरकारची हरकत होती. कावेरी खाली त्यांच्याच मुलखात जाते, तेव्हा त्यांची काळजीही खोटी नव्हती. त्यांनी परवानगी दिली ती लहान साठ्यापुरती. पण म्हैसूरने पाया घातला तो पुढच्या मोठ्या धरणाला पेलेल एवढा रुंद. आज भिंत लहान, उद्या परवानगी मिळाली की वर चढवावयाची. पाया मात्र पुन्हा घालता येत नाही. १९२४ साली दोन्ही सरकारांचा करार झाला आणि भिंत पूर्ण उंचीला गेली. त्या पाण्याने मंड्याचा कोरडा मुलूख हिरवा झाला आणि शिवसमुद्रमच्या वीजकेंद्राला बाराही महिने पाणी मिळाले. कावेरीच्या पाण्याची भांडणे मात्र त्यानंतरही मिटली नाहीत, हेही सांगितले पाहिजे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तलाव भरला तेव्हा अनेक गावे पाण्याखाली गेली. जुने कन्नंबाडी आणि तेथले वेणुगोपाळस्वामींचे देऊळही त्यात बुडाले. चुली विझवून, तुळशीवृंदावनाला शेवटचे पाणी घालून किती बायका तेथून उठल्या असतील! त्यांची नावे कोणत्याही शिलालेखावर नाहीत. आपल्याकडे मुळशीला १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तो याच दुःखापोटी. ज्यांच्या त्यागावर नळ चालतात, त्यांना नव्या जागी पहिले पाणी मिळाले का, हे विचारणेही चांगल्या बांधणीचाच भाग आहे. चरित्रनायक थोर होता म्हणून हा प्रश्न टाळू नये.

१९१२ साली विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण झाले. ते पद स्वीकारण्यापूर्वी त्यांनी नातलगांना एकत्र बोलावले आणि कोणीही आपल्याकडे वशिल्यासाठी येऊ नये, हे वचन घेऊन मगच होकार दिला, असे सांगतात. सहा वर्षांत त्यांनी केलेल्या कामांची यादी वाचताना दम लागतो. १९१३ साली म्हैसूर बँक निघाली आणि त्याच वर्षी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा कायदा झाला. १९१६ साली म्हैसूर विद्यापीठ, १९१७ साली बंगळूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय. सार्वजनिक ग्रंथालये झाली, मुलींच्या शिक्षणाला उत्तेजन मिळाले. म्हैसूरच्या चंदनाचे ओंडके पूर्वी परदेशी जात. युद्धामुळे ते पडून राहिले, तेव्हा १९१६ साली तेल काढण्याचा कारखाना आणि पाठोपाठ साबणाचा कारखाना निघाला. आपल्या न्हाणीघरात येणारी ती अंडाकृती चंदनाची वडी त्याच कारखान्याची.

या सर्व कामांच्या मुळाशी त्यांची एक सवय होती. आकड्यावाचून ते बोलत नसत. राज्यात माणसे किती, शाळेत जाणारी किती, पीक किती, कोणत्या गावात कोणता धंदा, ही माहिती आधी गोळा करावयाची आणि मग बेत ठरवावयाचा. राज्याच्या आर्थिक परिषदेच्या द्वारे त्यांनी जिल्ह्या-जिल्ह्यांतल्या लोकांना या कामात ओढले. १९३४ साली त्यांनी भारतासाठी नियोजित अर्थव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला. देश स्वतंत्र होऊन पंचवार्षिक योजना सुरू व्हावयास तेव्हा सतरा वर्षांचा अवकाश होता. आज ज्याला माहिती तंत्रज्ञान म्हणतात, त्याचे यंत्र त्यांच्यापाशी नव्हते. पण माहितीवाचून केलेले बांधकाम म्हणजे अंधारात केलेला स्वयंपाक, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

त्यांच्या मर्यादाही होत्या. सरकारी नोकऱ्यांत मागासलेल्या समाजांसाठी जागा राखून ठेवाव्यात, असा विचार महाराजांनी पुढे आणला, तेव्हा विश्वेश्वरय्यांना तो मान्य झाला नाही आणि १९१८ साली त्यांनी दिवाणपद सोडले. गुणवत्तेचा त्यांचा आग्रह प्रामाणिक होता. परंतु नीरेच्या कालव्यावर शेवटच्या गावाला पाणी पोहोचावे म्हणून ज्यांनी पाळ्या बांधून दिल्या, त्यांना विद्येच्या आणि अधिकाराच्या कालव्यावरही तीच अडचण आहे, हे तितके जाणवले नाही, असे आज म्हणावेसे वाटते. काळाने याबाबत महाराजांचा पक्ष उचलून धरला.

पद सुटले तरी काम सुटले नाही. भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना तोट्यात बुडू लागला, तेव्हा त्यांनी तो हाती घेऊन सावरला आणि त्या कामाचे जे मानधन मिळाले, त्यातून बंगळूरला मुलांना हातचे कसब शिकविणारी संस्था उभी राहिली. तिला आपले नाव देण्याऐवजी त्यांनी महाराजांचे नाव दिले. नव्वदी ओलांडल्यावरही गंगेवरच्या मोकामाच्या पुलाची जागा पाहण्यासाठी ते बिहारात गेले होते. नीटनेटका पोशाख, डोक्याला फेटा, घड्याळाच्या काट्यावर चालणारा दिवस आणि नेमाने फिरणे, हा त्यांचा परिपाठ अखेरपर्यंत राहिला. १९५५ साली त्यांना भारतरत्न मिळाले. एप्रिल १९६२ मध्ये, शंभरी ओलांडून, त्यांनी बंगळूर येथे देह ठेवला. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, आपल्या देशात अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

त्यांच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, १२ जुलै १९६१ रोजी, पानशेतचे नवे धरण फुटले आणि त्या लोंढ्याने काही तासांत खडकवासल्याचे जुने धरणही फोडले. आपल्यातल्या ज्येष्ठ भगिनींपैकी काहींनी तो दिवस डोळ्यांनी पाहिला आहे. पानशेतचे बांधकाम विश्वेश्वरय्यांचे नव्हे. पण ज्या सांडव्यावर त्यांनी तरुणपणी आपली दारे बसविली, ते धरण त्यांच्या हयातीतच वाहून गेले. पुण्यातली घरे गेली, संसार गेले, आणि नदी दुथडी वाहून गेल्यावर नळ मात्र कोरडे पडले. खडकवासला पुन्हा बांधले गेले आणि आजही त्याच पाण्यावर आपण जगतो. एकदा बांधले म्हणजे कायमचे झाले, असे धरण जगात नाही. त्याची रोजची देखभाल, रोजचे मोजमाप आणि धोक्याची वेळेवर सूचना, हीच त्याची खरी बळकटी.

आज बंगळूरला संगणकांचे शहर म्हणतात. जगभरचे हिशेब तेथे होतात. पण त्या शहराला लागणारे कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून चढवून आणावे लागते, आणि तेथे संगणक चालविणारी मुले-मुली ज्या विद्यालयांतून निघाली, त्यांतली पहिली अनेक दशकांपूर्वी याच पुरुषाच्या हातून उभी राहिली. संगणक कितीही हुशार झाला तरी त्याच्या पायाखाली पाणी, वीज आणि शाळा लागतेच. उलट, त्या पाण्यावर आणि विजेवर लक्ष ठेवावयास आता संगणकही लागतो. उद्याच्या समाजाची उभारणी या दोहोंच्या सोबतीनेच व्हावयाची आहे.

मात्र या साखळीत शेवटचा दुवा माणसाचा असतो. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडले गेले तेव्हा सिंहगड रस्त्यालगतच्या सखल वसाहतींत ते घरांत शिरले. तारेने, उपग्रहाने, मोबाइलने आलेला निरोप ज्या घरी मोबाइल बंद आहे, ज्या आजींना वाचता येत नाही, ज्या मोलकरणीची खोली नदीच्या अगदी कडेला आहे, तिच्यापर्यंत कोण नेणार? येथे यंत्र थांबते. शेजारीण तेथून पुढे चालू शकते. आपल्या गल्लीत सखल जागी कोण राहते, कोणाच्या घरी म्हातारे माणूस वा तान्हे मूल आहे, याची एक वही मंडळात असावी, आणि पावसाळ्याच्या तोंडावर ती दरवर्षी तपासावी. विश्वेश्वरय्यांनी गावोगावच्या पावसाची वही केली. आपण आपल्या गल्लीची करू. फार मोठे काम नाही. हळदीकुंकवाला आपण घरोघर जातोच. त्याच पावलांनी ही वहीही पुरी होईल.

उद्या पहाटे नळाला पाणी येईल तेव्हा घागर भरता भरता त्या शिस्तीच्या म्हाताऱ्याची एकदा आठवण करावी. आणि घागर भरली की तोटी नीट बंद करावी. हिशेबी माणसाला तीच श्रद्धांजली आवडली असती.